कमरेच्या पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टी हवी का?

प्रश्न टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा आहे. कमरेला लावायला पहिलंच पिस्तूल घ्यायचं आहे. दुकानात एकाच मॉडेलचे दोन नग समोर आले, एकाला अंगठ्याने वर-खाली करायची सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ आहे, दुसऱ्याला नाही. किंमत जवळपास सारखीच. दुकानदार म्हणतो, ऐन वेळी सेफ्टी काढायची विसराल, बिनसेफ्टीचं घ्या. मित्र म्हणतो, बिनसेफ्टीचं भरलेलं पिस्तूल पोटाशी लावणं हा वेडेपणा आहे. घरात सहा वर्षांची मुलगी. कोणाचं ऐकावं?

दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. सेफ्टी हवी की नको हे आधी ट्रिगरवरून ठरतं. ट्रिगर किती लांब मागे जातो, त्याला किती जोर लागतो, आणि ट्रिगरला बोट लागण्याआधीच घोडा किंवा आतला स्ट्रायकर, म्हणजे आघात करून गोळी पेटवणारा भाग, किती ताणलेला असतो, या तीन गोष्टी समजल्या की निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा होल्स्टरचा (पिस्तुलाच्या म्यानाचा) आणि तुमच्या सवयीचा आहे, आणि अपघात बहुतेक या दुसऱ्या निम्म्यातच होतात.

‘१९११’ नावाच्या पिस्तुलापासून सुरुवात करू. अमेरिकन सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारलेलं हे पिस्तूल सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे ट्रिगरचं काम फक्त मागे ओढलेला घोडा सोडण्याचं. राउंड (काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, घोडा पूर्ण मागे आणि सेफ्टी वर, याला तिकडे ‘कॉक्ड अँड लॉक्ड’ म्हणतात, आणि हे पिस्तूल तसंच बाळगण्यासाठी बनलेलं आहे. ट्रिगरला साधारण ४ ते ५ पौंड, म्हणजे १.८ ते २.३ किलो जोर लागतो आणि तो मागे जातो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. शर्टाचा दुमडलेला काठ आत अडकला तरी एवढं अंतर पार होतं. इथे सेफ्टी ऐच्छिक नाहीच. ज्यांना मागे ओढलेल्या घोड्याची भीती वाटते ते भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने घोडा हळूच खाली सोडतात. ते मात्र करू नका. त्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो, आणि घामेजलेला अंगठा घसरला तर गोळी सुटण्याचा धोका उभा राहतो.

आता ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट. १९११ ची सेफ्टी सियरला, म्हणजे घोडा धरून ठेवणाऱ्या दातेरी तुकड्याला अडवते आणि स्लाइडही, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भागही, जखडते. फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसाच्या तळावर आदळणाऱ्या सुईला, ती अडवत नाही. जुन्या नमुन्यांत फायरिंग पिन फक्त एका स्प्रिंगच्या जोरावर मागे असते. पिस्तूल उंचावरून नळीच्या टोकावर पडलं, तर पिन आपल्याच वजनाने पुढे जाऊन राउंड पेटवू शकते, सेफ्टी चढवलेली असली तरी. म्हणूनच कोल्ट कंपनीने १९८३ मध्ये सीरीज ८० या नमुन्यात पिन अडवणारा वेगळा ठोकळा घातला. ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय तो सरकत नाही. जुनं पिस्तूल घेताना सेफ्टीचा लिव्हर आहे का एवढंच पाहू नका, फायरिंग पिनला ब्लॉक आहे का हेही विचारा. आणि हातातून पिस्तूल सुटलं तर पडू द्या. झेलायला गेलेलं बोट हमखास ट्रिगरवर जातं.

डबल ॲक्शनचं गणित उलटं आहे. बेरेटा ९२ किंवा सिग पी२२६ मध्ये पहिल्या गोळीसाठी ट्रिगरच घोडा मागे नेतो आणि सोडतो. जोर १० ते १२ पौंडांच्या आसपास, आणि ट्रिगरचा प्रवास लांब. नकळत एवढा ट्रिगर ओढला जाणं कठीण. म्हणून पी२२६ ला सेफ्टी दिलेलीच नाही, फक्त घोडा सुरक्षितपणे खाली आणणारा डीकॉकर आहे. गोळी झाडल्यावर घोडा मागेच राहतो आणि ट्रिगर हलका होतो, तेव्हा होल्स्टरमध्ये घालण्याआधी डीकॉक करणं इथे सेफ्टीइतकंच महत्त्वाचं. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला सेफ्टी मागणारा माणूस सहसा भेटत नाही, तेही याच कारणाने.

बेरेटा ९२एफएसची सेफ्टी मात्र स्लाइडवर आहे आणि तीच डीकॉकरचंही काम करते. अडकलेला राउंड काढायला तुम्ही वरून मूठ आवळून स्लाइड खेचता, तेव्हा तळवा लिव्हरला लागून तो खाली जाऊ शकतो. स्लाइड पुढे जाते, राउंड चेंबरमध्ये बसतो, आणि ट्रिगर ओढला तर काहीच होत नाही. ‘जी’ प्रकारात ही अडचण राहत नाही, त्यात लिव्हर फक्त डीकॉक करतो आणि आपोआप वर परत येतो. कमरेला लावायचं असेल तर तोच घ्यावा.

तुमचा प्रश्न मात्र तिसऱ्या जातीचा आहे, स्ट्रायकरवाल्या पिस्तुलांचा. बाहेर घोडा नाही, आत स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर. ग्लॉक १७ हे याचं ठळक उदाहरण, ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पी८० नावाने घेतलं. त्याला अंगठ्याची सेफ्टी नाही, पण आपोआप चालणाऱ्या तीन आहेत. ट्रिगरच्या मधोमध असलेली पाती दाबल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही. ट्रिगर मागे गेल्याशिवाय फायरिंग पिनचा अडसर निघत नाही. आणि तिसरी, ड्रॉप सेफ्टी, ट्रिगर बारला, म्हणजे ट्रिगरला स्ट्रायकरशी जोडणाऱ्या पट्टीला, धक्क्याने निसटू देत नाही. शिवाय स्ट्रायकर पूर्ण ताणलेला नसतो. उरलेला ताण तुमचा ट्रिगर देतो. जोर साधारण ५.५ पौंड, म्हणजे अडीच किलो, आणि प्रवास सुमारे साडेबारा मिलिमीटर.

या तिन्ही सेफ्टी पिस्तूल पडण्यापासून आणि आदळण्यापासून वाचवतात. ट्रिगर दाबला गेला तर त्यांतली एकही मध्ये येत नाही, कारण दाबला जाणारा ट्रिगर बोटाने दाबलाय की जॅकेटच्या दोरीने, हे यंत्राला कळत नाही. बिनसेफ्टीचं पिस्तूल हे दोष असलेलं यंत्र नाही. त्यात शेवटची सेफ्टी होल्स्टरवर आणि माणसाच्या बोटावर सोपवलेली असते, एवढंच. ते सोपवणं तुम्हाला झेपेल का, हा खरा प्रश्न.

पूर्ण ताणलेल्या स्ट्रायकरची पिस्तुलं वेगळी धरायला हवीत. सिग पी३२० यात येतं. अमेरिकन सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये ते एम१७ म्हणून निवडलं, तेव्हा बाहेरची सेफ्टी ही सैन्याचीच अट होती. बाजारात मिळणाऱ्या पी३२० पैकी बहुतेकांना ती नसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने सुधारणा जाहीर केली, कारण ठरावीक कोनात पडल्यावर जड ट्रिगर आपल्याच वजनाने मागे सरकून गोळी सुटू शकत होती. सुधारणेत ट्रिगरचा तुकडा वजनाने हलका झाला आणि एक डिस्कनेक्टर, म्हणजे ट्रिगरची आतली जोड तोडणारा भाग, वाढला. माझं मत स्पष्ट आहे. स्ट्रायकर पूर्ण ताणलेला असेल आणि ट्रिगर ओढायला हलका व आखूड असेल, तर सेफ्टीचा नग मिळत असताना बिनसेफ्टीचा घेऊ नये.

आता तो क्षण पाहू, ज्यात सेफ्टी खरी उपयोगी पडते. पिस्तूल काढतानाचा नाही, परत ठेवतानाचा. काढताना बोट ट्रिगरपासून दूर असतं आणि नळी शरीरापासून लांब जात असते. परत ठेवताना नळी तुमच्या मांडीकडे किंवा जांघेकडे वळते, नजर बहुधा दुसरीकडे असते, आणि हात पिस्तूल खाली ढकलत असतो. विंडचीटरच्या कमरेची दोरी आठवा, टोकाला प्लास्टिकचा गोळा असलेली. तो गोळा होल्स्टरच्या तोंडात लटकतो, पिस्तूल खाली येतं, गोळा ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, शिरतो आणि ट्रिगरपुढे अडकतो. वरून ढकलणारा तळवाच मग ट्रिगर ओढण्याचं काम करतो. मऊ चामड्याचं जुनं होल्स्टर हेच करतं. त्याचं तोंड पिस्तूल काढल्यावर मिटतं आणि चामड्याची घडी आत वळते. सेफ्टी चढवलेली असेल तर या दोन्ही प्रसंगी गोळी सुटत नाही. याच्याइतका थेट फायदा सेफ्टीचा दुसरा नाही.

म्हणून पिस्तूल परत ठेवायची रीत सेफ्टी असो वा नसो, एकच. बोट सरळ, स्लाइडच्या बाजूला उंच. सेफ्टी असेल तर नळी होल्स्टरकडे वळायच्या आधी ती चढवलेली. डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर खेचून धरा. मान खाली घालून होल्स्टरचं तोंड बघा, यात लाज नाही. अंगठा मागच्या बाजूला ठेवा. डीकॉक केलेलं घोड्याचं पिस्तूल असेल तर घोड्यावर, म्हणजे ट्रिगरला काही लागलं तर घोडा उचलला जाताना अंगठ्याला कळतं. स्ट्रायकरचं असेल तर स्लाइडच्या मागच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइड मागे सरकणार नाही. पुढून पोटाशी लावत असाल तर कंबर पुढे काढा, नळी शरीरापासून सुटते. मग सावकाश आत. मध्येच काही अडलं तर जोर लावायचा नाही, पिस्तूल बाहेर काढून काय अडलं ते बघायचं. घाईने पिस्तूल आत घालण्याची गरज कधीच नसते.

पहिले काही महिने याहून सोपा मार्ग आहे. होल्स्टर कमरेवरून काढा, नळी भिंतीकडे किंवा सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल त्यात बसवा, आणि मग भरलेलं होल्स्टर पट्ट्यात अडकवा. होल्स्टर कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचं घ्या. ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेला, तोंड पिस्तूल काढल्यावरही उघडं राहणारं, क्लिप पट्ट्याला घट्ट. ट्रिगर गार्ड बोटाने बाहेरून दाबून पाहा, भिंत आत वाकून ट्रिगरला लागत असेल तर ते होल्स्टर टाकून द्या. पर्समध्ये, खिशात, गाडीच्या कप्प्यात होल्स्टरशिवाय भरलेलं पिस्तूल ठेवायचंच नाही, सेफ्टी असली तरी. तिथे किल्ल्यांचा जुडगा आणि पेन ट्रिगरशी खेळत असतात आणि सेफ्टीचा लिव्हरही त्यांच्याच ठोकरीत असतो.

दुकानदाराच्या मुद्द्याकडे येऊ: ऐन वेळी सेफ्टी काढायची राहते. हे होतं, आणि सराव नसेल तर होणारच. पण त्यावर तोडगा आहे, आणि तो अंगठ्याच्या सवयीत आहे. १९११ किंवा त्यासारख्या फ्रेमवरच्या, म्हणजे स्लाइडखालच्या सांगाड्यावरच्या, सेफ्टीत अंगठा लिव्हरच्या वरच राहतो, झाडताना देखील. मूठ पकडतानाच अंगठा लिव्हरवर बसवा, नळी समोर वळली आणि दोन हात जुळले की खाली दाबा. होल्स्टरमध्ये असताना दाबायचं नाही. खाली आणताना पुन्हा वर. रोज दहा मिनिटं, पंचवीस वेळा काढणं, खोलीत एकही खरा राउंड नाही, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) रिकामी, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेलं. दोन-तीन महिने असं झालं आणि रेंजवर पाचेकशे राउंड याच पद्धतीने गेले, की अंगठा आपोआप खाली जातो. हे करायला वेळ नसेल तर दुकानदाराचं बरोबर: तुमच्यासाठी सेफ्टी हा धोका आहे. आणि मग बिनसेफ्टीचं पिस्तूलही तुमच्यासाठी तितकंच धोक्याचं आहे, कारण सराव न करणाऱ्याचं बोट ट्रिगरवर जाऊन बसतं.

हातात घेऊन पाहताना लिव्हरचा आकार बघा. काही लहान पिस्तुलांवर तो नखाएवढा असतो, फ्रेमला चिकटलेला. ओला किंवा हातमोज्यातला अंगठा त्याच्यावरून घसरतो. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंना लिव्हर हवा. पण उजव्या हाताने बाळगताना बाहेरच्या बाजूचा लिव्हर गाडीच्या सीटबेल्टला घासून खाली जातो, हेही लक्षात ठेवा. याची चाचणी घरी करता येते. रिकामं पिस्तूल, सेफ्टी वर, होल्स्टरमध्ये लावून दिवसभर घरात वावरा, बसा, वाका, गाडीत चढा-उतरा. संध्याकाळी लिव्हर कुठे आहे ते बघा. आठवड्यात एकदाही खाली सापडला तर होल्स्टर बदला किंवा बाहेरच्या बाजूला लिव्हर नसलेला नग घ्या.

सेफ्टी काम करते का, हे गृहीत धरू नका. १९११ ची तपासणी अशी: मॅगझिन काढा, स्लाइड मागे, चेंबर रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. घोडा मागे, सेफ्टी वर, मूठ नीट पकडून ट्रिगर जोराने दाबा. घोडा पडता कामा नये. ट्रिगर सोडा, सेफ्टी खाली करा. आताही घोडा जागच्या जागी राहिला पाहिजे. मग पिस्तूल कानाशी आणून घोडा अंगठ्याने किंचित मागे ओढा. बारीकसा ‘टिक्’ ऐकू आला, तर मघाशी ट्रिगर दाबल्यावर सियर थोडा हलला होता आणि आता जागेवर परत बसला. ती सेफ्टी झिजलेली आहे. अशा पिस्तुलात पुढची पायरी सेफ्टी काढताच घोडा पडणं ही असते; गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) दिल्याशिवाय भरू नका. शेवटी मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर ओढून पाहा, घोडा पडू नये. स्ट्रायकरच्या पिस्तुलात कानाची चाचणी होत नाही, पण सेफ्टी चढवून ट्रिगर दाबणं, सोडणं, सेफ्टी काढणं, एवढं करताना स्ट्रायकर सुटल्याची खटकन जाणीव व्हायला नको.

मुलीबद्दल. अंगठ्याची सेफ्टी ही लहान मुलांसाठीचं कुलूप नव्हे. सहा वर्षांचं मूल लिव्हर वर-खाली करू शकतं. मोबाइल, टीव्हीचा रिमोट, खेळण्यातली बंदूक यांच्याशी ते दिवसभर हेच करत असतं. आणि एका बोटाने न ओढला जाणारा अडीच किलोचा ट्रिगर मुलं पिस्तूल उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबतात, म्हणजे नळी त्यांच्याच छातीकडे असते. कमरेवरून निघालेलं पिस्तूल थेट भिंतीला किंवा फर्निचरला बोल्टने घट्ट केलेल्या पेटीत जायला हवं. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, पण निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं हत्यार १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागलं तर तो तिथेही गुन्हा आहे.

तर तुमच्यासाठी: पहिलं पिस्तूल, स्ट्रायकर, पोटाशी किंवा कमरेला. सेफ्टीचा नग घ्या, लिव्हर मोठा आणि खाली दाबला की ‘फायर’ असा. आणि पुढे दुसरं पिस्तूल घेतलंत, तरी त्याच दिशेचं घ्या. १९११ मध्ये आणि फ्रेमवर सेफ्टी असलेल्या बहुतेक पिस्तुलांत खाली म्हणजे ‘फायर’. बेरेटा ९२एफएस आणि वाल्थर पीपी यांच्या स्लाइडवरच्या लिव्हरला खाली म्हणजे ‘सेफ’. एकाच कमरेला आज हे, उद्या ते लावणाऱ्याच्या अंगठ्याला दोन विरुद्ध सवयी लागतात, आणि घाईत जुनीच वर येते.

भारतातल्या परवानाधारकांसाठी थोडं वेगळं. इथे ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही. हाती येतात ती बहुतेक .३२ बोअरची, काही ऑर्डनन्स फॅक्टरीची, काही वडिलांच्या-आजोबांच्या परवान्यावरून आलेली जुनी विदेशी. एफएन १९१० किंवा कोल्ट १९०३ सारख्या सिंगल ॲक्शन पिस्तुलांना लिव्हर आहे आणि ग्रिप सेफ्टीही आहे, पण फायरिंग पिन अडवणारा वेगळा ब्लॉक नाही, आणि स्प्रिंगचं वय कित्येकदा मालकापेक्षा जास्त. असलं पिस्तूल सेफ्टीच्या भरवशावर चेंबर भरून बाळगू नका. मॅगझिन भरलेली, चेंबर रिकामं. असं बाळगताना सेफ्टी काढलेलीच राहू द्या. चेंबरमध्ये राउंड नाही तर ती काही वाचवत नाही, उलट काही पिस्तुलांत स्लाइड जखडून ठेवते आणि गरजेला स्लाइड ओढायला गेलात तर ती हलतच नाही. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच आच्छादनात, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात असायला लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पोलिसांत आणि सैन्यात ९ मिमी १ए आहे, इशापूरला बनणारं ब्राउनिंग हाय-पॉवर. त्याची जुन्या नमुन्याची सेफ्टी बारीक आणि कडक, अंगठ्याला नीट सापडत नाही, आणि फायरिंग पिनचा ब्लॉक नाही. म्हणून ते रिकाम्या चेंबरने बाळगणं योग्यच. त्यात अजून एक बारकावा आहे. मॅगझिन काढली की ट्रिगर चालत नाही. त्यामुळे पिस्तूल रिकामं केल्यावर घोडा खाली आणायला मॅगझिन परत घालावी लागते. इथेच घोळ होतो: घाईत भरलेली मॅगझिन आत जाते, सवयीने स्लाइड एकदा ओढली जाते, राउंड चेंबरमध्ये बसतो आणि ‘रिकामं’ पिस्तूल झाडून घोडा खाली आणला जातो. रिकामी मॅगझिन वेगळ्या खिशात ठेवा, तिच्या तळाला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा, आणि घोडा खाली आणण्याआधी चेंबरमध्ये करंगळी घालून बघा.